पथिकाश्रयाचे जुने निर्बंध

अजिंठ्याचे प्रवासी जळगांवीं उतरतात. अशांस घरची खोली चार दिवस भाड्यानें देण्याविषयींचे निर्बंध अगदींच नवे नव्हेत. कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणांत, घरधन्यानें आल्यागेल्याची वर्दी द्यावी, न दिल्यास रात्रीच्या अपराधाचा दोष त्याचे माथीं, व रात्र निर्विघ्न गेली तरी ३ पण दंड, असें सांगितलें आहे. १८६७ च्या सराई कायद्यानें नोंदणीबरोबर स्वच्छता, पहारा व दरपत्रक हींही सराईवाल्यावर लादलीं. कसूर झाल्यास २० रुपयांपर्यंत दंड. म्हणजे पांथस्थावरील नजरेस पांथस्थाच्या हिताची जोड मिळाली. ती कागदावरच राहिली कीं अंमलांत आली, हें मुक्कामाच्या वह्याच सांगतील. सबब जळगांव-धुळ्याकडील संग्राहकांनीं धर्मशाळांचीं जुनीं दप्तरें रद्दींत जाऊं देऊं नयेत, अशी आमची विनंती आहे.