भाषा कोणी कोणाची शिकावी?

भाषा शिकणे म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे विद्यार्थी येतो, पाटी येते आणि परीक्षा येते. परंतु इतिहासाकडे पाहिले म्हणजे या गोष्टीला आणखी एक बाजू असल्याचे ध्यानात येते. दोन भिन्न भाषांची माणसे एका गावात राहू लागली म्हणजे शिकण्याचे कष्ट कोणी घ्यावयाचे? जो नव्याने आला त्याने, की जो तेथे पिढ्यानपिढ्या राहत होता त्याने? ज्याच्या हाती सत्ता आहे त्याने, की ज्याच्या हाती ती नाही त्याने? सतराव्या शतकातील गोव्याने या प्रश्नाची दोन परस्परविरोधी उत्तरे पाहिली. त्यांपैकी एका उत्तराने मराठीला एक महाकाव्य दिले. दुसऱ्याने कोणास काय दिले, ते पुढे पाहू.

पहिल्या उत्तराचा नायक इंग्रज आहे. थॉमस स्टीफन्स यांचा जन्म सुमारे १५४९ मध्ये इंग्लंडातील विल्टशर परगण्यात झाला. ते कॅथलिक होते, आणि राणी एलिझाबेथच्या राज्यात कॅथलिकांना दिवस कठीण होते. स्टीफन्स रोमला गेले आणि १५७५ मध्ये जेझुइट संघात दाखल झाले. १५७९ च्या एप्रिलमध्ये लिस्बनहून त्यांचे जहाज निघाले आणि त्याच वर्षी २४ ऑक्टोबरला ते गोव्यास पोहोचले. हिंदुस्थानात येऊन स्थायिक झालेला, आपल्याला ठाऊक असलेला पहिला इंग्रज तो हाच. तो व्यापारी नव्हता आणि शिपाईही नव्हता. १६१९ मध्ये देह ठेवीपर्यंत चाळीस वर्षे ते येथेच राहिले, आणि त्यांतील बहुतेक काळ त्यांनी साष्टी प्रांतात, मडगाव व राशोल यांच्या परिसरात घालविला.

ती साष्टी शांत नव्हती, हे विसरता कामा नये. देवळे पाडली गेली होती आणि जुने धर्मग्रंथ बाळगण्यास बंदी होती. १५८३ च्या जुलैत कुंकळ्ळी येथे पाच जेझुइट आणि त्यांचे काही सोबती गावकऱ्यांच्या हातून मारले गेले. पुढे बोलणी करण्याच्या निमित्ताने गावच्या प्रमुखांना असोळणेच्या किल्ल्यात बोलावून पोर्तुगीजांनी त्यांना ठार केले. मी स्वतः ख्रिस्ती आहे. तरीही या घटना झाकून ठेवून स्टीफन्स यांचे कौतुक करणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. ज्या सत्तेच्या छत्राखाली ते आले होते, त्या सत्तेनेच या भूमीवर घाव घातले होते. लोकांची भाषा शिकण्यास त्यांनी आरंभ केला तो अशा भूमीत.

त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात त्यांनी आपल्या भावाला एक पत्र लिहिले. त्यात येथील भाषांविषयी एक निरीक्षण आहे: या भाषांची घडण ग्रीक आणि लॅटिन भाषांच्या घडणीशी जुळती आहे. सर विल्यम जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्या नात्याविषयीचे आपले सुप्रसिद्ध प्रतिपादन कलकत्त्यात केले ते १७८६ मध्ये. म्हणजे त्याच्या दोनशे वर्षे आधी साष्टीतल्या एका पाद्रीच्या कानाला त्या नात्याची चाहूल लागली होती. ते पत्र दीर्घकाळ अप्रकाशित राहिल्याने विद्वानांच्या जगाला त्याचा उपयोग झाला नाही. परंतु एक गोष्ट त्यातून स्पष्ट होते. ज्या भाषांना सभोवारचे अनेक युरोपीय अडाण्यांची बोली समजत होते, त्यांना हा मनुष्य ग्रीक-लॅटिनच्या पंक्तीला बसवीत होता. आदर असल्यावाचून भाषा येत नाही, हे आम्हा शिक्षकांना रोजच्या अनुभवाने ठाऊक असते.

स्टीफन्स एक नव्हे, दोन भाषा शिकले. घरात, शेतात आणि बाजारात लोक कोंकणी बोलत. पुराण, कीर्तन आणि काव्य यांसाठी मराठी वापरीत. दोन्ही भाषा त्याच लोकांच्या होत्या आणि दोहोंची कामे वेगवेगळी होती. हा भेद स्टीफन्स यांनी नेमका ओळखला. धर्मशिक्षणाची प्रश्नोत्तरी आणि व्याकरण त्यांनी कोंकणीचे रचले. काव्य मात्र मराठीत केले. कोंकणीचे ते व्याकरण त्यांच्या मृत्यूनंतर, १६४० मध्ये राशोल येथे छापले गेले. आधुनिक भारतीय भाषांच्या अगदी आरंभीच्या छापील व्याकरणांत त्याची गणना होते.

शिकणाऱ्याच्या कष्टांची एक खूण आजही पाहावयास मिळते. रोमन लिपीत ट, ड, ण, ळ या वर्णांसाठी अक्षरे नाहीत. युरोपीय कानाला त आणि ट यांतील अंतर प्रथम ऐकूही येत नाही. स्टीफन्स यांनी ते ऐकले आणि अशा वर्णांसाठी रोमन अक्षर दोनदा लिहिण्याची रीत अवलंबिली. रोमन लिपीत कोंकणी लिहिणारे आजही ‘कोंकणी’ या शब्दातील ‘ण’ दाखविण्यासाठी एकच अक्षर दोनदा लिहितात. चारशे वर्षांपूर्वी एका परक्या माणसाने लक्ष देऊन ऐकले, त्याची ही साक्ष आहे.

आता मराठी काव्याविषयी. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांपुढे एक पोकळी निर्माण झाली होती. पूर्वीची पुराणे बंद झाली, आणि त्यांच्या जागी कानाला व मनाला रिझवील असे काही आले नाही. स्टीफन्स यांच्या काव्यातच एक श्रोता ही तक्रार मांडतो. तिचे उत्तर म्हणजे ‘ख्रिस्तपुराण’. १६१६ मध्ये राशोल येथे ते छापले गेले. पहिल्या पुराणात जुन्या कराराची कथा आहे, दुसऱ्यात येशूचे चरित्र आहे, आणि दोन्ही मिळून सुमारे अकरा हजार ओव्या आहेत. छंद आपल्या संतांचा, अध्यायांची मांडणी पुराणांची, आणि स्वर्गाला शब्द वैकुंठ. ग्रंथाच्या आरंभी मराठी भाषेची जी स्तुती त्यांनी केली आहे, ती मराठीचा अभ्यास करणाऱ्याला आजही परिचित असते. अशी ओवी केवळ व्याकरण घोकून साधत नाही. त्यासाठी संतकाव्य कानांत मुरावे लागते. गोव्यात रोमन लिपीत उतरवून घेतलेल्या रामायण-महाभारताच्या कथा आणि मराठी काव्ये यांची हस्तलिखिते पोर्तुगालमधील ब्रागा येथील ग्रंथालयात आहेत. ज्या ग्रंथांवर बंदी होती, तेच मिशनरींचे पाठ्यग्रंथ झाले होते, ही इतिहासाची एक गंमतच म्हणावयाची.

मूळ पुस्तक रोमन लिपीत छापले गेले, परंतु त्यात स्टीफन्स यांचे समाधान नव्हते. १६०८ मध्ये त्यांनी रोममधील आपल्या वरिष्ठांना लिहून येथील लिपीत छपाई करण्याची अनुज्ञा मागितली होती. जोडाक्षरांमुळे शेकडो खिळे पाडावे लागतात, ही अडचण त्यांना पुरती ठाऊक होती. ती इच्छा त्यांच्या हयातीत पूर्ण झाली नाही. ख्रिस्तपुराणाची छापील देवनागरी आवृत्ती पुण्यात निघाली ती १९५६ मध्ये, मूळ छपाईनंतर तीनशे चाळीस वर्षांनी.

हे सारे एकट्या व्यक्तीच्या गुणाने झाले असे मात्र नव्हे. १६०६ मध्ये गोव्यात भरलेल्या धर्मपरिषदेने असे ठरविले की, ज्याला स्थानिक भाषा येत नाही त्याला गावच्या चर्चचा मुख्य पाद्री नेमू नये. शिकण्याचा भार येणाऱ्यावर, सत्तेच्या बाजूला उभे असणाऱ्यावर टाकला गेला. हे गोव्याने पाहिलेले पहिले उत्तर.

पुढे हा नियम सैल पडत गेला. नवे येणारे धर्मगुरू भाषा शिकण्याचा कंटाळा करू लागले. १६८३ मध्ये संभाजीराजांच्या स्वारीने गोव्याची राजसत्ता हादरली, आणि १६८४ च्या जून महिन्यात व्हाइसरॉय कोंद द आल्व्हॉर यांनी हुकूम काढला: लोकांनी तीन वर्षांच्या आत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलू लागावे. पाद्रींनी भाषा शिकण्याऐवजी लोकांनीच भाषा बदलावी, हे दुसरे उत्तर. १७४५ मध्ये तर आर्चबिशपांनी ख्रिस्ती वधूवरांच्या विवाहाला पोर्तुगीजच्या ज्ञानाची अट घातली.

परिणाम काय झाला? १६८७ साल उजाडले आणि मावळले, पण साष्टीतील आई आपल्या लेकराला कोंकणीतच निजवीत राहिली. तथापि हुकूम निष्फळ झाला असेही म्हणता येत नाही. ख्रिस्ती समाजाचा वरचा थर घरातही पोर्तुगीजकडे वळला आणि स्वभाषा नोकरचाकरांशी बोलण्यापुरती उरली. ख्रिस्ती वाङ्मयाचा जो प्रवाह स्टीफन्स आणि त्यांच्यानंतर मराठीत ओव्या रचणारे फ्रेंच जेझुइट एतिएन द ला क्रवा यांनी वाहता केला होता, तो आटला. ख्रिस्तपुराणाच्या १६१६, १६४९ आणि १६५४ च्या आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ जगला तो लोकांनी हाताने केलेल्या नकलांवर आणि घरोघरी झालेल्या वाचनावर. १९०७ मध्ये मंगळूर येथे तो पुन्हा छापला गेला तेव्हा आधाराला होत्या त्या अशाच नकला. कोंकणीची दुर्दशा पाहून १८५८ मध्ये तिचा इतिहास लिहिला तोही एका पोर्तुगीज अधिकाऱ्यानेच, कुन्य रिव्हार यांनी. आदल्याच वर्षी त्यांनी स्टीफन्स यांचे व्याकरणही पुन्हा छापविले होते.

१९६१ च्या डिसेंबरात पोर्तुगीज राजवट गेली. साडेचारशे वर्षांच्या सत्तेनंतरही पोर्तुगीज ही गोव्यातील सामान्य माणसाची भाषा झाली नव्हती. १९८७ च्या कायद्याने कोंकणी गोव्याची राजभाषा झाली, मराठीच्या सरकारी वापराचीही तरतूद झाली, आणि १९९२ मध्ये कोंकणी राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत आली. त्या आधी व नंतर कोंकणी आणि मराठी यांच्यात जो कलह झाला तो सर्वांना ठाऊक आहे. परंतु पर्वरी येथील कोंकणीच्या संशोधनसंस्थेला थॉमस स्टीफन्स यांचे नाव आहे, आणि मराठी वाङ्मयाच्या इतिहासातही तेच नाव मानाने घेतले जाते. दोन भाषांनी ज्याला आपला म्हणावे असा हा माणूस जन्माने त्यांपैकी एकीचाही नव्हता.

आपण बेळगावात राहत असू, हैदराबादेत, इंदुरात वा बडोद्यात, शेजारची भाषा आपल्या दाराशी असतेच. मराठी टिकावी म्हणून आपण सभा भरवितो, शाळा चालवितो, आणि ते योग्यच आहे. आपल्या मुलांनी मराठी विसरावी असा हुकूम कोणी काढला तर आपण तो मानणार नाही, आणि मानूही नये. पण त्याच न्यायाने आणखी एक प्रश्न आपण आपल्यालाच विचारला पाहिजे. ज्या गावात आपण तीन-तीन पिढ्या राहिलो, त्या गावची कन्नड, तेलुगू, हिंदी वा गुजराती आपल्याला कितपत येते? बाजारात भाव करण्यापुरती, की शेजाऱ्याच्या घरचे गाणे समजण्याइतकी? स्टीफन्स यांनी प्रवचनापुरती भाषा शिकून थांबावयाचे ठरविले असते, तर त्यांना कोणी दोष दिला नसता. मात्र ख्रिस्तपुराण झाले नसते.