अंगावरचे लेणे

मराठीत ‘लेणे’ हा शब्द दोन वस्तूंना लागतो. डोंगराच्या पोटात टाकीने कोरून काढलेले ते लेणे, आणि बाईमाणसाने अंगावर ल्यायचे तेही लेणे. शब्दशास्त्री या दोहोंची कुळे निरनिराळी लावतील. परंतु मावळ मुलखात, जेथे कार्ल्याच्या पायऱ्या चढता चढता दोन्ही लेणी एकाच वेळी नजरेस पडतात, तेथे मला तरी हा भेद फारसा जाणवत नाही. भाज्याच्या लेण्यातील नर्तकी आणि तिचा वादक दोन हजार वर्षांहून जुने; कार्ल्याच्या १२४ फूट लांबीच्या महाचैत्याच्या ओसरीत उभी असलेली दांपत्ये त्यानंतरची. वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीने ज्या शैलगृहाला जंबुद्वीपातील सर्वोत्तम म्हणून शिलालेखात गौरविले, त्याच्या दर्शनी भिंतीवरील त्या स्त्रीपुरुषांचे भरदार खांदे, हातांतील बांगड्यांच्या चळती, पायांतील जड तोडे आणि एकमेकांच्या सान्निध्यात निर्धास्त झालेले ते देह पाहिले, म्हणजे मनुष्यशरीराकडे न लाजता, न झाकता, आदराने पाहण्याची दृष्टी या खोऱ्याला किती पूर्वी लाभली होती याची खात्री पटते.

त्याच चैत्याच्या तोंडाशी एकवीरा आईचे देऊळ आहे. चैत्रातल्या यात्रेला कोकणपट्टीचे कोळी बांधव आणि भोवतालचे मावळकरी तेथे लोटतात. अशाच एका यात्रेत नाणे मावळातील एक वृद्धा पायरीवर टेकली होती, आणि तिचा उजवा हात गुडघ्यावर उताणा पडला होता. मनगटाच्या वर गोंदलेले तुळशीवृंदावन, त्यावर रामसीतेचा पाळणा, कोपराखाली नांगी उचललेला विंचू. साठ-पासष्ट वर्षांपूर्वीच्या त्या रेघांचे काठ कातडीत पसरले होते, वृंदावनाचा एक कोनाडा सुरकुतीत बुडाला होता, आणि काजळाचा काळा रंग कातडीआडून हिरवट-निळा झाला होता. “आजी, दुखलं असेल फार,” मी म्हटले. ती म्हणाली, “दुखलं की. पण सोनं गहाण पडतं, बाबा. माझ्या पाटल्या तशाच गेल्या. ह्ये कोण गहाण ठेवून घेणार?”

मेल्यावर अंगावरचे सर्व दागिने उतरवून घेतात, गोंदण तेवढे बरोबर येते, ही समजूत महाराष्ट्रभर आहे, आणि गोंदणावर लिहिणारा प्रत्येकजण ती नमूद करतो. म्हातारीचे उत्तर मला त्याहून मोलाचे वाटले, कारण ते परलोकाविषयी नव्हते, याच लोकीच्या दुष्काळाविषयी आणि सावकाराविषयी होते. भाताच्या एका पिकावर वर्ष काढणाऱ्या या डोंगराळ मुलखात सोनेनाणे घरात ठरत नसे. ठरत असे ते कातडीवरचे.

ही विद्या बायकांची होती आणि बायकांनीच सांभाळली. गोंदणारीण सुगीनंतर गावोगाव हिंडे. दिव्याची काजळी तेलात किंवा पाल्याच्या रसात खलून ती रंग करी, चार-पाच सुया दोऱ्याने एकत्र बांधून आकृतीच्या रेघेने टोचत जाई, आणि वरून हळद लावी. मुलीचे रडणे गाण्यात बुडावे म्हणून ती टोचता टोचता गाई, आणि मोबदला म्हणून पसाभर धान्य किंवा जुने लुगडे घेई. कपाळावरची बारीक टिकली, हनुवटीवरचा ठिपका, हातावरचे गोपद्म आणि लक्ष्मीची पावले ही कुणबिणीच्या अंगावर दिसत तशी जुन्या पिढीतील ब्राह्मण बायकांच्या कपाळीही थोड्याफार प्रमाणात दिसत; ठाकर-कातकऱ्यांच्या बायकांच्या अंगावर तर पुष्कळच. ज्या नवऱ्याचे नाव तोंडाने घ्यायचे नाही ते दंडावर लिहून घ्यायची सोय याच सुईने केली होती. अक्षरओळख नसलेल्या बाईच्या देहावरचा गोंदण हा एकुलता एक लेख असे, हे आपण विसरता कामा नये.

देहावरील खुणांकडे राज्यकर्त्यांनी मात्र नेहमी निराळ्या कारणाने पाहिले. मोगलाईत घोड्याला डाग आणि शिपायाचा चेहरा लिहून ठेवण्याची वहिवाट होती. चाकराचा वर्ण, उंची, तीळ, व्रण यांची तपशीलवार नोंद म्हणजे ‘चेहरेपट्टी’, हा शब्द आपल्याकडील जुन्या कारभारात रुळलेला होता. बंगाल इलाख्यात तर जन्मठेपेच्या कैद्यांच्या कपाळावर गुन्हा गोंदून ठेवण्याची क्रूर चाल कंपनी सरकारने १८४९ पर्यंत चालविली. सुई तीच, काजळ तेच. परंतु जे गोंदण मावळात सौभाग्य म्हणून मिरवले जाई, तेच तेथे बेडी होऊन बसले होते.

मग आली छायाचित्रणाची काच. मुंबईची छायाचित्रण संस्था १८५४ साली स्थापन झाली, आणि डॉ. भाऊ दाजी लाड व त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांच्यासारख्या आपल्या विद्वानांनीही या नव्या विद्येत आस्थेने लक्ष घातले. त्याच काळी खंडाळ्याखाली बोरघाटाचा लोहमार्ग खोदला जात होता. १८५९ साली कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल येथे येऊन थोड्याच दिवसांत वारले, आणि त्यांची पत्नी अ‍ॅलिस ट्रेडवेल हिने ते कंत्राट पुढे चालवून तडीस नेले. घाटाच्या कामाची छायाचित्रेही तिने घेतली. १८६१ साली त्या घाटावर एका वेळी ४२,००० माणसे राबत होती. २५ बोगदे खोदून आणि दऱ्यांवर पूल घालून १८६३ च्या एप्रिलात गाडी सुरू झाली. एवढ्या प्रचंड श्रमाचे मानवी चेहरे आपल्यापाशी किती आहेत? त्या वेळच्या काचेला स्थिर वस्तू हवी असे. दगडी कमान तिच्यावर रेखीव उमटे, आणि टोपले उचलून हललेला मजूर धुक्यासारखा पुसला जाई.

ज्यांना स्थिर बसविले त्यांची गत फारशी निराळी नव्हती. विल्यम जॉन्सन याने मुंबईतील रहिवासी व पाहुणे जातिजमातींची छायाचित्रे १८६३ आणि १८६६ साली दोन खंडांत प्रसिद्ध केली. त्यासाठी त्याने एका ठिकाणी टिपलेली माणसे कापून दुसऱ्याच देखाव्यावर बसविली. १८६८ ते १८७५ या काळात सरकारने ‘पीपल ऑफ इंडिया’ या नावाचे आठ खंड काढले. त्यांत माणूस नावाने क्वचितच येतो, जातीच्या नमुन्यादाखल येतो. चेहरेपट्टीच नव्या साधनाने लिहिली जाऊ लागली होती.

येथे एक गोष्ट विस्ताराने सांगितली पाहिजे, कारण तिची जाणीव झाल्यापासून जुने आल्बम मी पूर्वीसारखे पाहू शकत नाही. त्या काळी काचेवर कलोडियनचा ओला थर देऊन चित्र घेत. हा थर निळ्या प्रकाशाला अतिशय संवेदनशील, आणि तांबड्या-पिवळ्याला जवळजवळ आंधळा असतो. त्यामुळे निळे आकाश चित्रात कोरे पांढरे येते, सावळी कातडी आहे त्याहून काळी येते, आणि कातडीतले निळसर-हिरवे गोंदण फिके पडून भोवतालच्या वर्णात मिसळून जाते. न्यूझीलंडच्या माओरी लोकांच्या चेहऱ्यावरील कोरीव गोंदण अशा काचेपुढे कसे नाहीसे होते, हे तेथील छायाचित्रकारांनी आजच्या काळात पुन्हा प्रयोग करून दाखविले आहे. म्हणजे ज्या साधनाने आपल्या आज्या-पणज्यांची पहिली छायाचित्रे निघाली, त्या साधनालाच त्यांच्या अंगावरचा लेख वाचता येत नव्हता. जुन्या चित्रात कपाळ कोरे दिसले म्हणून ते कोरे होते असे कोणी मानू नये.

मावळातल्याच लोणावळ्याने मनुष्यदेहाच्या चित्रणाचा आणखी एक अध्याय लिहिला आहे. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद, यांनी १९२४ साली येथे कैवल्यधाम स्थापिले आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे त्रैमासिक काढले. आसनांची छायाचित्रे आणि उड्डियान-नौलीच्या वेळी पोटाच्या आत काय घडते हे दाखविणारी क्ष-किरणचित्रे त्यात छापली गेली. नौलीच्या वेळी मोठ्या आतड्यात बाहेरच्या हवेहून कमी दाब निर्माण होतो, हे मोजून त्या पोकळीला त्यांनी आपले गुरू माधवदास महाराज यांचे नाव दिले. साहेबाचा कॅमेरा वरून पाहत होता. हा आपल्याच माणसाने आपल्याच देहाच्या आत टाकलेला प्रकाश होता, आणि त्याविषयी मला मनापासून आदर वाटतो. पण क्ष-किरणही कातडी ओलांडून हाडांकडे जातात. गोंदण पुन्हा कॅमेरा आणि क्ष-किरण या दोहोंच्या मध्ये राहिले.

ते टिपता येते, हे फिलिपीन्सच्या एका कलावंताने दाखवून दिले आहे. त्या बेटांतील विसाया लोकांच्या सर्वांगावरील चित्रे पाहून सोळाव्या शतकातील स्पॅनिश लोकांनी त्यांना ‘पिंतादोस’, म्हणजे रंगविलेले, असे नाव दिले होते. उत्तरेकडील कलिंगा या डोंगरी प्रांतात हातोडीने काटा टोचून काजळीचे गोंदण करण्याची कला वांग-ओद नावाच्या वृद्धेने जिवंत ठेवली. २०२३ साली वयाच्या १०६व्या वर्षी ती तेथील एका नामांकित मासिकाच्या मुखपृष्ठावर झळकली. जेक व्हेर्झोसा या छायाचित्रकाराने त्याच प्रांतातील गोंदलेल्या वृद्ध स्त्रियांची कृष्णधवल चित्रे काही वर्षे खपून घेतली आणि त्यांचे पुस्तक केले. काजळी आणि टोचणी हा मसाला तोच, डोंगरही आपल्यासारखेच. तेथे कॅमेरा त्या बायकांच्या हातांपुढे थांबला, एवढाच काय तो फरक.

आपल्याकडे यंत्राची सुई कधीच यात्रेत आली. शहरी दुकानांत परदेशी नमुने उमटू लागले, आणि गोंदलेल्या आजीची नात नोकरीच्या जागी हसे होईल म्हणून कपाळावरचा ठिपका पुसून घेण्याची चौकशी करू लागली. तिला मी दोष देत नाही. परंतु अंदर मावळ, नाणे मावळ आणि पवन मावळ या तिन्ही खोऱ्यांत अजून काही हात शिल्लक आहेत. ज्यांच्या घरी असा हात असेल त्यांनी प्रथम आजीची परवानगी घ्यावी, सकाळच्या उजेडात दारासमोर तिला बसवावे, हाताचे जवळून छायाचित्र काढावे, आणि कोणते चित्र कोणी, कोणत्या गावी, कोणत्या वयात गोंदले हे तिच्याच शब्दांत मागे लिहून ठेवावे. आणि तिचे नाव लिहायला विसरू नये.