गाणं हाच आमचा कागद

आपला इतिहास बामणाच्या पोथीत नाही, गाण्यात आहे. नाशिक जिल्ह्यातल्या भीमराव कर्डकांनी तमाशाचा साचा घेऊन त्यात माणुसकीचा लढा भरला, तोच आंबेडकरी जलसा. जलशांची हकीकत त्यांनी स्वतः लिहून ठेवली, म्हणून आज मला ती सांगता येते.

वामनदादा कर्डक सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे, जन्म १९२२. शाळा नशिबी नव्हती. मुंबईत गिरणीत राबले, मोठेपणी अक्षरं शिकले नि गावोगाव गात फिरले. २००४ ला दादा गेले, गाणी लोकांच्या तोंडी राहिली.

पण ज्यांचं नावच कुणी लिहिलं नाही, त्यांचं काय? मालेगावच्या पोरांनो, १४ एप्रिलला डीजे लावण्याआधी वही घेऊन म्हाताऱ्यांजवळ बसा. गाणं, चाल, कुणाकडनं शिकले, समदं लिहा.