तळटीप १७ : ‘रायफलींची चेंबर मोठी करून आणली’

चेंबर म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसते ती जागा. ती रीमरने कापतात: आकार काडतुसासारखाच, अंगावर उभ्या धारा, पुढे नळीत सरकणारा पायलट. पायलट सैल असला की चेंबर मध्यरेषेवरून हटते. रीमर तेल सोडत एकाच दिशेने फिरवायचा. उलटा फिरवला की धार गेलीच. थोडे कापून बाहेर काढायचा, कीस पुसायचा, नाहीतर भिंतीवर ओरखडे उठतात आणि झाडलेले काडतूस तिथेच धरून बसते. दर वेळी धार लावताना रीमर किंचित बारीक होतो, त्यामुळे जुन्या रीमरचे चेंबर घट्ट निघते.

कॅनडाच्या रॉस रायफलचे चेंबर मुळातच घट्ट होते. १९१५ साली ईप्रच्या लढाईत मापाला ढिली ब्रिटिश काडतुसे त्यात अडकली; सैनिक बुटाच्या लाथेने बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा दांडा) उघडत. मग मोठ्या रीमरने चेंबर रुंद करण्यात आले. लेखक सारा दोष चिखलावर ढकलतो, ते अर्धेच खरे. शिवाय बोल्टचा मागचा दात थांब्यावर आपटून बिघडत असे. त्यावर रीमरचा काही इलाज नव्हता. — संपा.