विरघळलेले वायू आणि उत्कलनातील उष्णता संक्रमण

द्रवात हवा, ऑक्सिजन, कार्बन डायऑक्साइड यांसारखे वायू विरघळलेले असल्यास तो उकळताना तापलेल्या पृष्ठभागाकडून त्याच्याकडे होणाऱ्या उष्णता संक्रमणात फरक पडतो. हे वायू उकळीच्या आरंभाला साहाय्यक, तर वाफेच्या संघननाला मारक ठरतात.

पाणी तापू लागले की उकळी येण्याच्या बऱ्याच आधी पातेल्याच्या तळाशी बारीक बुडबुडे चिकटलेले दिसतात. ते मुख्यतः हवेचे असतात. वाफेचे नव्हेत. नेहमीच्या वातावरणीय दाबाला हवेच्या सान्निध्यातील एक लिटर पाण्यात ०° से. तापमानाला सुमारे १४.६ मिग्रॅ., तर २५° से.ला सुमारे ८.३ मिग्रॅ. ऑक्सिजन विरघळलेला असतो. उत्कलनबिंदूपाशी हे प्रमाण जवळजवळ शून्यावर येते.

बुडबुडा टिकण्यासाठी त्याच्या आतील दाब हा द्रवाचा दाब व पृष्ठताणामुळे येणारा दाब यांच्या बेरजेइतका असावा लागतो. आत केवळ वाफ असेल तर त्यासाठी द्रव उत्कलनबिंदूच्याही वर तापावा लागतो. पृष्ठभागावरील सूक्ष्म खाचांत वायू असल्यास त्याचा आंशिक दाब वाफेच्या मदतीला येतो व बुडबुडे कमी तापमानालाच सुटू लागतात. सुटताना ते पृष्ठभागालगतचा द्रव ढवळतात, म्हणून उष्णता संक्रमण वाढते. उकळी पूर्ण जोमात आल्यावर वायू वाफेबरोबर निघून जातो आणि हा लाभ फारसा उरत नाही. आधी उकळून वायुरहित झालेले पाणी गुळगुळीत भांड्यात पुन्हा तापवल्यास उत्कलनबिंदू ओलांडूनही शांत राहू शकते व एकाएकी उसळते. प्रयोगशाळेत म्हणूनच द्रवात चिनी मातीचे सच्छिद्र तुकडे टाकतात.

चंद्रपूर महाऔष्णिक विद्युत केंद्राची स्थापित क्षमता २,९२० मेगावॉट असून त्याला पाणी प्रामुख्याने इरई धरणातून मिळते. अशा केंद्रांत उकळी लवकर आणणाऱ्या वायूचे स्वागत होत नाही. तप्त पोलादी नळ्यांना ऑक्सिजन खड्डे पाडतो. त्यातून सुटलेली लोहाची ऑक्साइडे बाष्पित्राच्या नळ्यांत साचतात आणि हा थर उष्णतेला अडवतो. यासाठी पाणी बाष्पित्रात जाण्यापूर्वी डीएरेटरमध्ये फवारून टरबाइनमधून काढलेल्या वाफेने संपृक्त तापमानापर्यंत तापवतात. त्यानंतर पाण्यातील ऑक्सिजन अब्जांश भागांत मोजण्याइतका अल्प उरतो.

संघनकातील दाब वातावरणापेक्षा कमी असल्याने सांध्यांतून हवा आत शिरते. ही हवा थंड नळ्यांभोवती साचते व वाफेला तिच्यातून वाट काढावी लागते. वाफ संथ असेल तर वजनाने केवळ अर्धा टक्का हवाही संघननातील उष्णता संक्रमण निम्म्यावर आणू शकते. निर्वात पंपांनी ती सतत काढली नाही तर टरबाइनच्या निर्गमाचा दाब वाढतो आणि तेवढ्याच कोळशात वीज कमी मिळते.