मावळातील लेखनसंस्कार : पाले लेण्यापासून तळेगावापर्यंत

मावळ म्हटले की डोळ्यांसमोर उभे राहतात ते लोहगड-विसापूरचे कडे, पावसाळ्यात धुक्यात हरविणारा खंडाळ्याचा घाट आणि शिवछत्रपतींच्या कार्यात प्राण वेचणारे मावळे. शौर्याची ही भूमी सर्वपरिचित आहे. परंतु याच भूमीने महाराष्ट्राला लेखनाचाही मोठा संस्कार दिला, याकडे सहसा लक्ष जात नाही. लेखन शिकविता येते काय, आणि समाजाने त्यासाठी नेमके काय करावयाचे असते, या प्रश्नाचे उत्तर मावळच्या इतिहासात ठिकठिकाणी विखुरलेले आहे.

पाषाणावरील पहिले अक्षर

कामशेतच्या परिसरात पाले गावाजवळील डोंगरात एक लहानसे लेणे आहे. तेथील ब्राह्मी लिपीतील शिलालेख डॉ. ह. धी. सांकलिया आणि डॉ. शोभना गोखले यांनी अभ्यासून प्रसिद्ध केला. अरिहंतांना वंदन करून आरंभ होणारा हा प्राकृत लेख सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा आहे. भदंत इंदरखित यांनी लेणे व पाण्याचे टाके खोदविले, एवढीच त्यातील नोंद. महाराष्ट्रातील जैन परंपरेचा हा अतिप्राचीन लिखित पुरावा होय. सन 2019 मध्ये लोहगडवाडीजवळच्या लेण्यातही याच धर्तीचा लेख आढळला. इंदरखितांचे अन्य चरित्र उपलब्ध नाही. त्यांच्याविषयी आपण जाणतो ते केवळ कोरलेल्या त्या अक्षरांमुळे.

भगवान महावीरांची वाणी शतकानुशतके गुरुमुखातून शिष्याकडे, श्रवणाने आणि स्मरणाने आली. दुष्काळ आणि कालप्रवाहाने स्मरणशक्ती क्षीण होऊ लागली, तेव्हा वीर निर्वाणानंतर 980 (मतांतराने 993) वर्षांनी वलभी येथे देवर्धिगणी क्षमाश्रमणांच्या नेतृत्वाखाली आगम ग्रंथारूढ झाले. श्रुत लिहून ठेवले म्हणून वाचले. ज्ञानपंचमीला आपण ग्रंथांचे पूजन करतो, त्यामागे हीच कृतज्ञता आहे.

इंद्रायणीकाठची मंडळी

मावळच्या सीमेवर इंद्रायणीकाठी श्रीक्षेत्र देहू आहे, आणि मावळच्या हद्दीत भंडारा डोंगर. वाणी-महाजनाच्या घरात जन्मलेले तुकाराम महाराज या डोंगरावर चिंतनासाठी जात. काव्यलेखनाची प्रेरणा आपणास संत नामदेवांकडून स्वप्नात मिळाली, असे ते सांगतात. त्यांना शाळा लाभली नाही, पण कीर्तनात त्यांच्याभोवती जमलेली मंडळी हीच एक शाळा झाली. टाळकरी मागे उभे राहून धृपद धरीत, श्रोते चरण कंठस्थ करीत, आणि हळूहळू त्यांच्यातलेच काही स्वतः रचू लागत. धाकटे बंधू कान्होबांनी तुकोबांच्या वियोगात अभंग रचले. कोल्हापूरहून देहूस आलेल्या बहिणाबाईंनी तुकोबांना गुरू मानून आपले आत्मचरित्र अभंगांत सांगितले. सतराव्या शतकातील एका गृहिणीला स्वतःविषयी लिहावेसे वाटले आणि लिहिता आले, हे त्या मंडळीचे सामर्थ्य होते.

याच मंडळीत संताजी जगनाडे होते. मूळ चाकणचे, व्यवसायाने तेली, आणि तुकोबांच्या चौदा टाळकऱ्यांपैकी एक. मावळ तालुक्यातील सुदुंबरे येथे त्यांची समाधी आहे. तुकोबांचे अभंग त्यांनी वह्यांमध्ये उतरवून ठेवले. घाण्याच्या हिशेबासाठी बोरू धरणारा हात अभंगांकडे वळला आणि त्याच नेकीने चालला. परंपरा सांगते की तुकोबांनी सावकारीची आपल्या वाट्याची खते इंद्रायणीत बुडविली, आणि पुढे विरोधकांच्या आग्रहामुळे अभंगांच्या वह्याही बुडवाव्या लागल्या. खते परत आली नाहीत. वह्या मात्र तेरा दिवसांनी तरल्या, अशी श्रद्धा आहे. व्यापारी समाजाने मनन करावे अशीच ही कथा आहे.

संताजींच्या वह्यांच्या आधारे वि. ल. भावे यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकाअखेरीस तुकोबांचा गाथा प्रसिद्ध केला. मिठाच्या व्यवसायात असलेल्या याच भाव्यांनी 1893 साली ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालयाची स्थापना केली होती. तेल्याने लिहिलेले मिठाच्या व्यापाऱ्याने छापले. 2009 साली भारतीय डाक विभागाने संताजी महाराजांवर टपाल तिकीट काढले. स्वतः कवी म्हणून नव्हे, तर दुसऱ्याचे काव्य जपणारा लेखक म्हणून हा गौरव त्यांच्या वाट्यास आला, हे विशेष होय.

संपादकाने सोसलेली शिक्षा

विसाव्या शतकाच्या आरंभी तळेगाव दाभाडे हे राष्ट्रीय शिक्षणाचे आणि स्वदेशीचे केंद्र बनले. 1908 मध्ये येथे पैसा फंडाचा काच कारखाना निघाला. त्याच सुमारास प्रा. विष्णु गोविंद विजापूरकर यांचे समर्थ विद्यालय येथे नांदत होते. विजापूरकर कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयातील प्राध्यापक. 1894 मध्ये ‘ग्रंथमाला’ मासिक काढून त्यांनी अनेकांना मराठीत गंभीर विषयांवर लिहिते केले. पुढे ‘विश्ववृत्त’ मासिक सुरू केले. शिक्षण मातृभाषेतून व्हावे आणि त्यासाठी मातृभाषेत ग्रंथ निर्माण व्हावेत, हा त्यांचा आग्रह होता.

‘विश्ववृत्ता’त पं. श्रीपाद दामोदर सातवळेकर यांचा वैदिक प्रार्थनांविषयीचा एक लेख प्रसिद्ध झाला. सरकारला त्यात राजद्रोह दिसला. लेख दुसऱ्याचा, तरीही संपादक या नात्याने विजापूरकरांवर 1908 मध्ये खटला झाला आणि त्यांना कारावास भोगावा लागला. 1910 मध्ये समर्थ विद्यालयही सरकारने बंद पाडले. सुटकेनंतर ते खचले नाहीत. पुढे तळेगावातच नवीन समर्थ विद्यालय उभे राहिले. दुसऱ्यास लिहिण्यास प्रवृत्त करणाऱ्याने त्याच्या लेखनाची जबाबदारीही आपल्या शिरावर घ्यावी लागते, हा धडा तळेगावाने असा प्रत्यक्ष पाहिला.

गोनीदा आणि पवनाकाठ

योगायोग असा की ज्या सातवळेकरांच्या लेखासाठी तळेगावच्या या आचार्यांनी तुरुंग पत्करला, त्यांच्याच औंध येथील सहवासात काही वर्षांनी एक तरुण अध्ययन करीत होता आणि तोच पुढे तळेगावचा रहिवासी झाला. तो तरुण म्हणजे गोपाल नीळकंठ दांडेकर, महाराष्ट्राचे ‘गोनीदा’ (1916-1998). सातवीत असताना स्वातंत्र्यलढ्याच्या ओढीने त्यांनी घर सोडले. गाडगे महाराजांच्या सेवेत ते राहिले, नर्मदा परिक्रमा केली, संतवाङ्मय अभ्यासले. पदवी नसलेल्या या लेखकास ‘स्मरणगाथा’ या पुस्तकासाठी 1976 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि 1981 साली अकोला येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद लाभले.

त्यांचे अध्यापन वर्गात नव्हे, गडवाटेवर चाले. तरुणांना घेऊन ते किल्ले हिंडत आणि गावकऱ्यांशी त्यांच्याच बोलीत बोलत. ‘पवनाकाठचा धोंडी’ ही कादंबरी 1955 साली आली. ‘माचीवरला बुधा’ लोणावळ्याजवळच्या राजमाचीवर घडते. पुढे पवना धरण झाले आणि नदीकाठची शेते, घरे पाण्याखाली गेली. धरणग्रस्त मावळ्यांची पिढीही आता विरळ होत चालली आहे. त्या काठचे जुने जीवन नव्या वाचकास भेटते ते गोनीदांच्या शब्दांतून.

गोनीदांच्या कन्या डॉ. वीणा देव आणि जामात डॉ. विजय देव यांनी त्यांच्या कादंबऱ्यांचे अभिवाचन दशकानुदशके गावोगावी केले. नेपथ्य नाही, वेशभूषा नाही. केवळ समोर पुस्तक आणि आवाज. श्री. देव 2019 मध्ये आणि वीणाताई 2024 मध्ये निवर्तल्या. परंतु इंद्रायणीकाठच्या श्रवणाची जुनी रीत त्यांनी आधुनिक सभागृहात पुन्हा रुजविली.

आपणासाठी बोध

या इतिहासात लेखनाचा अभ्यासक्रम कोठेच नाही. आहे ती माणसांची साखळी. श्रोत्यांनी ऐकले म्हणून तुकोबांचे काव्य टिकले, संताजींनी उतरविले म्हणून ते छापता आले, विजापूरकरांनी पाठीशी उभे राहून इतरांना लिहिते केले, देव दांपत्याने मोठ्याने वाचून वाचक घडविले. प्रतिभा जन्मजात असेल. परंतु ऐकणारा, उतरविणारा आणि पाठीशी राहणारा समाज घडवावा लागतो. साने गुरुजींनी अमळनेरच्या वसतिगृहात ‘छात्रालय’ हे हस्तलिखित दैनिक चालविले. त्यास भांडवल लागले ते कागद, शाई आणि रोज रात्री जागण्याची तयारी एवढेच.

लोणावळा, वडगाव, कामशेत आणि तळेगाव येथील बाजारपेठांत आपले पूर्वज राजस्थान-गुजरातमधून आले, त्यांनी दुकाने मांडली, मंदिरे व स्थानके उभारली. त्यांच्या रोजमेळात प्रत्येक पैशाचा हिशेब सापडतो. परंतु ते कोणत्या वर्षी, कोणत्या संकटातून, कोणाच्या आधाराने आले, हे बहुतेक घरांत कागदावर नाही. ते आजीच्या बोलण्यात आहे, आणि एक आजी गेली की एक पानच कोरे होते.

पाठशाळेत महिन्यातून एक दिवस मुलांनी घरातील वडीलधाऱ्यांचे अनुभव ऐकून आणावेत, लिहावेत, सर्वांसमोर वाचावेत आणि त्यांचे एक हस्तलिखित सिद्ध व्हावे. शुद्धलेखन हळूहळू सुधारेल. आरंभी मुलास ऐकणारे मिळाले पाहिजेत. सामायिक-स्वाध्यायाइतकीच ही श्रुतसेवा होय.

पालेच्या डोंगरावर इंदरखितांनी पाण्याच्या टाक्यासोबत काही ओळीही मागे ठेवल्या. वाटसरूंची तहान त्या टाक्याने किती भागविली, याची मोजदाद नाही. त्यांचे नाव मात्र त्या ओळींनी आपल्यापर्यंत आणले. सुवर्णमहोत्सवी वर्षात प्रत्येक कुटुंबाने अशा दोन ओळी लिहून ठेवल्या, तर पुढील पन्नास वर्षांनी निघणाऱ्या स्मरणिकेस साहित्याची उणीव भासणार नाही.