चिठ्ठीपासून पोर्टलपर्यंत : संगणक वापरण्याची परवानगी कोण देतो?

शाळेच्या प्रयोगशाळेतले एक कपाट नेहमी कुलूपबंद असते. तीव्र आम्ले, पाऱ्याचे तापमापक आणि शाळेतला सर्वांत चांगला सूक्ष्मदर्शक त्यात असतो. आपल्याला तो सूक्ष्मदर्शक तासाला हवा असेल, तर आपण प्रयोगशाळा परिचराकडे चिठ्ठी देतो, नोंदवहीत सही करतो आणि तास संपल्यावर वस्तू परत करून तशी नोंद करून घेतो. या साध्या व्यवहारात चार प्रश्नांची उत्तरे दडलेली आहेत. मागणारा कोण? त्याला काय हवे? परवानगी कोणी दिली? आणि वस्तू परत कधी येणार?

आज एखाद्या मोठ्या कार्यालयात नवा कर्मचारी रुजू झाला की त्याला चिठ्ठी लिहावी लागत नाही. तो संगणकावर एक पान उघडतो. त्यावर दुकानातल्या मालासारखी यादी असते : ई-मेल, हिशेबाची प्रणाली, छपाईयंत्र, सामाईक फाइली. हवे त्यावर खूण करायची, कारण लिहायचे आणि विनंती पाठवायची. ती वरिष्ठांच्या पडद्यावर जाते, त्यांनी होकार दिला की बहुतेक वेळा पुढचे काम यंत्रच करते. याला सेल्फ-सर्व्हिस पोर्टल म्हणतात. दिसायला ही सोय अगदी नवी आहे. पण तिच्यामागचे चार प्रश्न आपल्या नोंदवहीतलेच आहेत, आणि संगणकाच्या जगाने त्यांची उत्तरे एकेक करून, बहुतेक वेळा फजिती झाल्यावर, शिकून घेतली. त्या शिक्षणाचा हा इतिहास.

खिडकीपलीकडचे यंत्र

1957 साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजे एमआयटी, येथे आयबीएम 704 हा संगणक आला. यंत्र एवढे महाग होते की त्याचा दिवस तीन पाळ्यांत वाटला होता. आठ तास एमआयटीचे, आठ तास आसपासच्या महाविद्यालयांचे आणि उरलेले आठ तास खुद्द आयबीएम कंपनीचे. वापरणाऱ्याला यंत्राला हात लावता येत नसे. आपला प्रोग्राम भोके पाडलेल्या कार्डांवर तयार करायचा, कार्डांचा गठ्ठा खिडकीतून चालकाकडे द्यायचा आणि कित्येक तासांनी उत्तराचा कागद घ्यायला यायचे. एक स्वल्पविराम चुकला असला तर सारे पुन्हा पहिल्यापासून.

आपल्याकडेही सुरुवात अशीच झाली. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने स्वतः बांधलेला संगणक 1960 साली कामाला लागला आणि 1962 साली पंडित नेहरूंनी त्याला 'टिफ्रॅक' हे नाव दिले. त्याची स्मृती 2048 शब्दांची होती. 1964 साली त्याच संस्थेत सीडीसी 3600 हे मोठे यंत्र आले आणि देशातील इतर संस्थांनाही ते वापरायला मिळू लागले. यंत्र एक आणि गरजू अनेक, तेव्हा रांग आलीच.

या काळात परवानगीचा प्रश्न सोपा होता. खिडकीत बसलेला माणूस समोरच्याला ओळखत असे. वेळ संपली की यंत्र पुढच्याच्या हाती जाई. म्हणजे 'परत कधी?' हा प्रश्न कोणाला विचारावाच लागत नसे. टंचाईच त्याचे उत्तर देत असे.

आठवड्याचे चार तास

खिडकीपुढच्या या ताटकळण्यावर एमआयटीतील फर्नांडो कॉर्बातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उपाय शोधला. नोव्हेंबर 1961 मध्ये त्यांनी एकाच यंत्राचा वेळ अनेकांत बारीक तुकड्यांनी वाटून देणारी प्रणाली चालवून दाखवली. तिचे नाव सीटीएसएस. प्रत्येकाने आपल्या टंकयंत्रासारख्या टर्मिनलवर बसायचे, आणि यंत्र इतक्या झपाट्याने एकाकडून दुसऱ्याकडे वळायचे की प्रत्येकाला वाटावे, संगणक आपल्या एकट्याचाच आहे.

पण आता खिडकीतला माणूस उरला नव्हता. टर्मिनलवर कोण बसले आहे, हे यंत्राला कसे कळावे? प्रत्येकाच्या फाइली वेगळ्या राहाव्यात आणि प्रत्येकाने किती वेळ वापरला याचा हिशेब राहावा, म्हणून कॉर्बातोंनी प्रत्येकाला परवलीचा शब्द दिला. आपण ज्याला आज पासवर्ड म्हणतो, त्याचा संगणकावरील वापर येथून सुरू झाला असे मानले जाते.

लगेच पुढच्या वर्षी त्याला पळवाटही सापडली. अ‍ॅलन शेर नावाच्या संशोधक विद्यार्थ्याला आठवड्याला चार तास मिळत, आणि त्याच्या कामाला ते अजिबात पुरत नसत. त्या प्रणालीत एक सोय होती. खाते क्रमांक आणि फाइलचे नाव कार्डावर लिहून दिले की ती फाइल छापून मिळे. शेरने 1962 च्या वसंतात, एका शुक्रवारी रात्री, पासवर्डांची फाइलच छापून मागितली. शनिवारी सकाळी छापील यादी कपाटात तयार होती! मग इतरांच्या नावावर त्याने हवा तेवढा वेळ वापरला. ही गोष्ट त्याने तब्बल पाव शतकानंतर कबूल केली.

ही हकिकत विनोदी म्हणून नेहमी सांगितली जाते. आपण तिच्याकडे जरा बारकाईने पाहू. शेरने कुलूप तोडले नाही. त्याने रीतसर अर्ज केला. अर्जात काय हवे ते स्पष्ट होते. पण 'मागणारा कोण?' आणि 'त्याला हे मागण्याचा हक्क आहे का?' हे दोन प्रश्न विचारणारे त्या वाटेवर कोणीच नव्हते. माणसाचा अडसर काढताना त्याचा विवेकही काढून टाकला गेला होता. आजच्या पोर्टलची सारी अवघड बाजू या एका कार्डात आहे.

याच प्रणालीवर 1960 च्या दशकाच्या मध्यात आणखी एक गडबड झाली. दोन व्यवस्थापक एकाच वेळी दोन वेगळ्या फाइली दुरुस्त करत होते. एकाच्या हाती सर्वांसाठीची सूचना होती, दुसऱ्याच्या हाती पासवर्डांची यादी. दोघांच्या तात्पुरत्या फाइलींचे नाव एकच असल्याने अदलाबदल झाली आणि टर्मिनल सुरू करणाऱ्या प्रत्येकासमोर सूचनेऐवजी सगळ्यांचे पासवर्ड छापून येऊ लागले. या वेळी कोणाचा हेतू वाईट नव्हता. तरी कुलपाच्या साऱ्या किल्ल्या एकाच जागी उघड्या ठेवल्या की काय होते, हे सर्वांनी पाहिले.

किल्ली किती मोठी?

सीटीएसएसच्या पुढची प्रणाली म्हणजे मल्टिक्स. तिचे काम 1965 च्या सुमारास सुरू झाले. तिच्यात प्रत्येक फाइलसोबत एक यादी असे : कोणी ती वाचावी, कोणी बदलावी, कोणी चालवावी. शिवाय नवी माणसे घेण्याचा अधिकार केवळ मुख्य व्यवस्थापकाकडे न ठेवता प्रत्येक प्रकल्पाच्या प्रमुखाला दिला होता. हा विचार महत्त्वाचा आहे. ज्याला कामाची माहिती आहे त्यानेच 'हो' किंवा 'नाही' म्हणावे. आज पोर्टलवरील विनंती संगणक विभागाकडे जाण्याआधी वरिष्ठांकडे जाते, त्यामागे हेच तत्त्व आहे.

या अनुभवातून जेरोम सॉल्टझर आणि मायकेल श्रोडर यांनी 1975 साली एक निबंध प्रसिद्ध केला आणि संरक्षणाची आठ तत्त्वे मांडली. त्यातली दोन येथे पाहू. पहिले, कामाला लागेल तेवढाच अधिकार द्यावा, त्याहून जास्त नाही. दुसरे, स्पष्ट परवानगी नसेल तर उत्तर 'नाही' असेच असावे. सूक्ष्मदर्शक हवा असणाऱ्या शिक्षकाला कपाटाची किल्ली द्यायची की फक्त सूक्ष्मदर्शक काढून द्यायचा, असा हा प्रश्न आहे.

विद्यार्थी स्वतःच नाव नोंदवतो

1983 साली एमआयटीत 'अथेना' हा प्रकल्प सुरू झाला. आता संशोधकांऐवजी हजारो विद्यार्थ्यांना संगणक द्यायचा होता. दर वर्षी नव्या विद्यार्थ्यांची रांग लावून कारकुनाने एकेकाचे खाते उघडायचे म्हटले तर सत्र संपायचे! त्यांनी केलेल्या सोयीचे वर्णन 1988 साली प्रसिद्ध झाले. विद्यापीठाच्या नोंदणी कार्यालयाकडून विद्यार्थ्यांची यादी आधीच येई. तिच्यात प्रत्येकाचा ओळख क्रमांक उघडा न ठेवता सांकेतिक रूपात असे. विद्यार्थ्याने कोणत्याही मोकळ्या संगणकापुढे बसायचे, 'रजिस्टर' या नावाने आत जायचे, आपले नाव आणि क्रमांक भरायचा. तो यादीशी जुळला की स्वतःचे वापरनाव आणि पासवर्ड निवडायचा. ई-मेलची पेटी, फाइलींची जागा ही पुढची मांडामांड यंत्र करी.

आजच्या पोर्टलचे हे पूर्वज म्हणायला हरकत नाही. शेरच्या कार्डाशी याची तुलना करा. दोन्ही ठिकाणी खिडकीत माणूस नाही. पण येथे निर्णय आधीच झालेला आहे. विद्यापीठाने प्रवेश दिला तेव्हाच तो झाला. यंत्र फक्त मागणारा तोच आहे ना, एवढे तपासते. स्वयंसेवा म्हणजे वाटेल ते स्वतः घेणे नव्हे, मान्य झालेले स्वतः उचलणे.

न सुटलेला चौथा प्रश्न

पुढे कार्यालये वाढली आणि एकेका माणसाला एकेक अधिकार देणे अशक्य झाले. 1992 साली अमेरिकेतील डेव्हिड फेराइओलो आणि रिचर्ड कुन यांनी अधिकार माणसाला न देता भूमिकेला द्यावेत, अशी पद्धत नेमकेपणाने मांडली. परीक्षेत गुण भरणारा ही एक भूमिका, ते तपासून अंतिम करणारा ही दुसरी. दोन्ही एकाकडे नसाव्यात हे आपल्याला कोणी सांगायला नको. एन्रॉनसारख्या कंपन्यांचे हिशेबातील गैरव्यवहार उघडकीस आल्यावर 2002 साली अमेरिकेत सार्बेन्स-ऑक्सली कायदा झाला आणि कोणाला कोणता अधिकार कोणाच्या संमतीने मिळाला, याची नोंद कंपन्यांना दाखवावी लागू लागली. पोर्टलवरील प्रत्येक खुणेची तारीखवार नोंद राहते, त्याचे एक कारण हे आहे.

पहिले तीन प्रश्न असे मार्गी लागले. चौथा मात्र मागे राहिला. यंत्राचा वेळ दुर्मिळ होता तेव्हा अधिकार आपोआप संपत असे. आता तो संपत नाही. माणसाची बदली होते, तो नोकरी सोडतो, आणि त्याचे खाते उघडेच राहते. हवे ते मागायला सगळे येतात, 'माझा अधिकार काढून घ्या' अशी विनंती करायला कोणी येत नाही. म्हणून चांगल्या व्यवस्थेत परवानगीला मुदत असते आणि ठरावीक काळाने वरिष्ठांना विचारले जाते, 'याला हे अजून लागते का?'

हा प्रश्न आपल्या शाळेबाहेरचा नाही. विद्यार्थ्यांची माहिती आता पोर्टलवर भरावी लागते. मुख्याध्यापकांचे एकच वापरनाव आणि पासवर्ड, तो कपाटाच्या दाराआड चिकटवलेला, आणि संगणक येणारे दोन-तीन शिक्षक तोच वापरतात, अशी शाळा आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. त्यांतले एक शिक्षक बदलून जातात, पासवर्ड तोच राहतो. उद्या एखाद्या मुलाची जन्मतारीख चुकीची बदललेली आढळली, तर ती कोणी बदलली हे सांगता येणार नाही. संशय मात्र सगळ्यांवर येईल, आणि दाखल्यातली चूक निस्तरायला त्या मुलाचे आईवडील खेटे घालतील.

शक्य असेल तेथे प्रत्येकाचे वेगळे खाते मागून घेणे, नसेल तर निदान कोणी कधी काम केले याची वही ठेवणे आणि कोणीही बदलून गेले की त्याच दिवशी पासवर्ड बदलणे, एवढे आपल्या हातात आहे.

वर्गात एक उपक्रमही घेता येईल. प्रयोगशाळेच्या नोंदवहीचे एक कोरे पान फळ्यावर आखा : नाव, वस्तू, परवानगी, परत. मग एकेक रकाना पुसा आणि विचारा, आता काय बिघडेल? मुले एकाहून एक शक्कल सांगतील. कोणी तरी शेरची युक्तीही स्वतःच शोधून काढेल. त्यानंतर ही गोष्ट त्यांना सांगावी.